इंटिग्रेशनला बसायच्या आधी पॅरिटी बघा भो

जळगाव-धुळ्याकडं जे फिजिक्सच्या सेट-नेटची तयारी करून राहिले त्यांच्यासाठी, क्वांटम मेकॅनिक्सच्या गणितांबद्दल लिहितोय. पॅरिटी म्हणजे एक्सच्या जागी वजा एक्स टाकल्यावर वेव्ह फंक्शन तसंच राहतं (इव्हन) का फक्त चिन्ह बदलतं (ऑड), ते. मे महिन्यात इथं दुपारी तसंही डोकं चालत नाही, मग जे इंटिग्रल शेवटी शून्यच येणार ते पानभर सोडवत कशाला बसायचं?

आधी पोटेन्शियलकडं बघा. एक्सच्या जागी वजा एक्स टाकून तेच परत आलं की वन-डायमेन्शनमधली प्रत्येक बाउंड स्टेट (पोटेन्शियलमध्ये अडकलेल्या कणाची अवस्था) एकतर इव्हन नाहीतर ऑड, मधलं काही नाही, कारण तिथं डिजनरसी (एकाच एनर्जीच्या दोन स्टेट) नसते. सगळ्यात खालची इव्हन, तिच्यावरची ऑड, असं आलटून पालटून वर जायचं.

गोची होते बॉक्समध्ये, म्हणजे दोन पक्क्या भिंतींमध्ये कोंडलेल्या कणाच्या गणितात. पुस्तकात बॉक्स शून्य ते एल असतो, सगळीकडं साईनच दिसते आणि पोरं सगळ्यांना ऑड लिहून मोकळी होतात. अरे सिमेट्री बॉक्सच्या मध्यावर आहे ना, ओरिजिन तिथं न्या, मग एन (स्टेटचा क्रमांक) १ ची कोसाइन निघते, एन २ ची साईन. आणि बॉक्समध्ये मोजणी १ पासून, म्हणून विषम एन इव्हन, हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये (स्प्रिंगसारखं एक्स स्क्वेअरचं पोटेन्शियल) ० पासून, म्हणून सम एन इव्हन. पेपर काढणारे नेमकं इथंच धरतात.

आता बॉक्सच्या बरोबर मध्यावर लॅम्डा ताकदीचा डेल्टा (एकाच बिंदूवरचं टोकदार पोटेन्शियल) टाकला तर? ऑड स्टेट मध्यावर शून्यच असते, तिला डेल्टा लागतच नाही, म्हणून एन २, ४, ६ ची एनर्जी जागची हलत नाही, पर्टर्बेशनच्या कुठल्याच ऑर्डरला (लॅम्डाच्या घाताला) नाही. बाकीच्या फर्स्ट ऑर्डरला टू लॅम्डा बाय एलने सरकतात, सगळ्या सारख्याच. झालं उत्तर. हाफ ऑसिलेटरलाही हेच, शून्यावर भिंत उभी केली की फक्त ऑड उरतात, म्हणून ग्राउंड स्टेट दीड एच-बार ओमेगा, वरची थेट साडेतीन.

मॅट्रिक्स एलिमेंटमध्ये (दोन स्टेटच्या मध्ये काहीतरी ठेवून केलेलं इंटिग्रल) एक्स असेल तर दोन्हीकडच्या स्टेट विरुद्ध पॅरिटीच्या लागतात, एक्स स्क्वेअर असेल तर सारख्या. पण पॅरिटी जुळली म्हणजे उत्तर येतंच असं नाही हां, ऑसिलेटरच्या ० आणि ३ मध्ये एक्स ठेवला तरी शून्यच.

हायड्रोजनला पॅरिटी स्मॉल एलवरून (अँग्युलर मोमेंटमचा आकडा, बॉक्सची लांबी नव्हे) ठरते, एल सम तर इव्हन, एनचा काही संबंध नाही. तिथं टू-एस (एल ०) आणि टू-पीची (एल १) एनर्जी एकच पण पॅरिटी वेगळी, दोघींची मिसळ केली तरी एनर्जी स्टेट राहते, पॅरिटी मात्र ठरत नाही, म्हणून एन २ ला लिनिअर स्टार्क इफेक्ट (इलेक्ट्रिक फील्डच्या प्रमाणात एनर्जी सरकणं) मिळतो आणि ग्राउंड स्टेटला फील्डच्या वर्गापासूनच सुरुवात होते.