स्टेपनी लावायची कशी, काढायची कधी

नागठाण्याजवळ हायवेच्या कडेला माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. सांगली-कोल्हापूरकडून पुण्याला निघालेली गाडी दारात थांबते. मालक डिकीतल्या बॅगा, आंब्याची पेटी, पोरांच्या चपला सगळं खाली उतरवतात, स्टेपनी बाहेर काढतात आणि अंगठ्यानं दाबली की ती आत जाते. म्हणजे आता पंक्चर दोन. म्हणून पहिलं काम घरीच करायचं: चार चाकांत हवा भराल तेव्हा पाचव्यातही भरून घ्या. पंपावरचा पोरगा आपणहून विचारत नाही, त्याला सांगावं लागतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर जो आकडा असेल त्यापेक्षा दोन-तीन जास्तच ठेवा, पडून राहिली की हवा उतरतेच.

आणखी एक बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. स्टेपनीची नक्षी कोरीच असते, म्हणून माणूस फसतो. रबर न वापरताही म्हातारं होतं, बारीक भेगा पडतात. दहा वर्षांपुढची स्टेपनी मी तरी कुणाला लावून देत नाही.

आता 'स्टेपनी' हे नाव आपण जितक्या सहज घेतो तितक्या सहज आज इंग्लंडातला माणूस घेणार नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. वेल्समधल्या लॅनेली गावात टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ च्या सुमारास आऱ्या नसलेली, टायर चढवलेली रिम काढली. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाहेरून आवळायची आणि पुढं निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, तेच नाव चाकाला पडलं. तिकडं विसरले, आपल्याकडं टिकलं. क्रिकेटच्या टीममधला बारावा गडीसुद्धा आपल्याला स्टेपनीच. गावात आणखी एक अर्थ आहे, तो इथं नको.

पंक्चर झालं की जागा आधी निवडा. वळणावर, उतारावर थांबू नका. सपाट जागेपर्यंत हळूहळू न्या, टायर कामातून गेला तरी चालेल. माणसं डाव्या बाजूनं उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा, मागं बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. हॅन्डब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा.

नट जॅक लावायच्या आधी ढिले करायचे. गाडी उचलल्यावर चाक हवेत फिरतं, पाना कशाला जोर देणार? अर्धा आटा पुरे. हातानं हलत नसेल तर पान्यावर पाय देऊन वजन टाका. जॅक दरवाज्याखालच्या पत्र्यावर जिथं खाच असते तिथंच लावा. पावसाळ्यात साइडपट्टीची माती जॅक गिळते, म्हणून डिकीत एक फळकूट ठेवा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा, जॅक निसटला तर गाडी त्याच्यावर बसेल.

नट बसवताना नीट बघा. एका बाजूनं तो निमुळता असतो, ती बाजू चाकाकडं. उलटा बसवला तरी आवळला जातो, पण चाक मध्यावर बसत नाही, आणि थोड्या अंतरात स्टिअरिंग थरथरायला लागतं. एकाआड एक, समोरासमोरचे आवळा. गाडी खाली टेकल्यावर शेवटचा जोर द्या.

बऱ्याच गाड्यांची स्टेपनी आता इतर चाकांपेक्षा लहान किंवा बारीक येते. तिच्यावर ८० चा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या पुढं नाही. अगदी बारीक असेल तर हवाही ६० लागते, नेहमीसारखी ३२ नाही. दोन्ही पुढच्या चाकांचा घेर वेगळा असला की डिफरन्शियल, म्हणजे वळणावर डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही कामाला लागतं, ब्रेकलाही पकड कमी. तरी गिऱ्हाईक म्हणतं, "पुण्यात जाऊन काढतो की!" मध्ये खंबाटकीचा घाट आहे, दादा. पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा, आपलं चाक परत चढवा. स्टेपनी बाकीच्या चार चाकांच्याच मापाची असेल तर एवढी घाई नाही, पण पंक्चर त्याच दिवशी काढून ठेवा.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. जुलै २०२० मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर नऊ सीटपर्यंतच्या गाडीला ती सक्तीची नाही. किट खिळ्याच्या भोकाला ठीक, बाजू फाटली की निरुपयोगी. तेव्हा १०३३ फिरवा, ती राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे.

आणि अलॉय चोरीला जाऊ नये म्हणून लॉक नट बसवले असतील तर त्यांची चावी स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवा. ती घरी कपाटात राहिली, तर माझ्याकडं येऊनही बराच वेळ बसावं लागेल. चहा मात्र शेजारी चांगला मिळतो.