नोकरी शोधायला स्क्रिप्ट लावलीय? मग या चुका टाळा

ठाण्याला दहा नंबरवर पनवेल लोकलची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात फोन आला. "सर, तुमच्या फॉर्ममध्ये नोटिस पिरियड ९० महिने दिसतोय. बरोबर आहे का?" एचआरची मुलगी हसू दाबत होती. साडेसात वर्षांचा नोटिस पिरियड! मी काहीतरी सारवासारव केली. मुख्य म्हणजे तिच्या कंपनीत आपण कधी अप्लाय केलं होतं, हे मला आठवतच नव्हतं. कारण मी केलंच नव्हतं, माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे मीच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने केलं होतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) लावून दुसऱ्यांच्या वेबसाइटवरची बटणं दाबत बसायचं हाच पोटापाण्याचा धंदा, म्हणून स्वतःच्या नोकरीसाठीही तेच केलं. तीन आठवड्यांत २१२ ठिकाणी अप्लाय झालं आणि फोन आले चार. त्यातला एक हा. दोन कन्सल्टन्सीवाल्यांचे होते, नाइट शिफ्टच्या कस्टमर सपोर्टसाठी. चौथ्याला जावास्क्रिप्ट डेव्हलपर हवा होता. नंतर सगळं पाडून पुन्हा बांधलं. कुठे कुठे फसलो ते लिहितोय.

अप्लायचं बटण स्क्रिप्टला दाबू देणं

सगळ्यात मोठी चूक ही. प्रत्येक कंपनीचा फॉर्म आपल्या मनाचा राजा असतो. नोटिस पिरियड कुणी दिवसांत मागतं, कुणी महिन्यांत. पगार कुणाला लाखांत हवा असतो, कुणाला पूर्ण रुपयांत. माझी स्क्रिप्ट 'एक्स्पेक्टेड सीटीसी' (वर्षाला अपेक्षित पगार) दिसलं की १४ टाकायची. लाखांत मागितलं असेल तर ठीक, रुपयांत मागितलं असेल तर मी वर्षाला चौदा रुपयांत काम करायला तयार आहे असं लिहून यायचं. असे किती फॉर्म गेले देव जाणे. वर 'तुम्हाला रोटेशनल शिफ्ट चालेल का', 'पुण्याला जायची तयारी आहे का' या सगळ्याला 'हो'. कारण 'नाही' म्हटलं की फॉर्म पुढे सरकायचा नाही, म्हणून मीच तसं लिहून ठेवलं होतं. नाइट शिफ्टचे फोन का आले हे त्या दिवशी कळलं.

शिवाय लिंक्डइनच्या यूजर ॲग्रीमेंटमध्ये बॉट आणि स्क्रेपर (पानांवरची माहिती आपोआप खरवडून घेणारे प्रोग्राम) लावायला चक्क मनाई आहे. पकडलं तर अकाउंटवर बंधनं येतात, आणि नोकरी शोधतानाच नेमकं ते अकाउंट गेलं तर काय करणार? 'रोज आपोआप शंभर अप्लाय' सांगणारी एक्स्टेन्शन्सही त्यातच आली. त्यातली काही तर तुमची लॉगिन कुकी मागतात. कुकी देणं म्हणजे घराची किल्लीच देणं, पासवर्ड न सांगताही समोरचा आत येतो.

माझी स्क्रिप्ट आता फक्त शोधते, गाळते आणि लिंक समोर आणून ठेवते. फॉर्म मी भरतो. दिवसाला चार-पाच होतात, पण फोन आला की कशासाठी आला ते ठाऊक असतं.

'मुंबई' टाकून नवी मुंबई शोधणं

लोकेशनमध्ये नुसतं 'मुंबई' ठेवलं तर लोअर परळ आणि गोरेगावच्या जागांचा ढीग येतो, आणि घरापासून वीस मिनिटांवरची ऐरोलीची जागा निसटते. नुसतं 'ठाणे' ठेवलं तर वेगळीच गंमत. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून कुणी बेलापूरच्या ऑफिसपुढेही 'ठाणे' लिहितं. उलट खारघर, तळोजा, पनवेल रायगड जिल्ह्यात, पण जाहिरातीत बिनधास्त 'नवी मुंबई'. कळव्याहून ऐरोली आणि कळव्याहून तळोजा यात काय फरक आहे, ते रोज जाणाऱ्याला विचारा.

मी शेवटी स्टेशनांची नावं यादीत घातली: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी. जोडीला महापे आणि ठाण्यातली वागळे इस्टेट. यातही खोच आहे. कोपरखैरणे इंग्रजीत कुणी एका शब्दात लिहितं, कुणी दोन. रबाळ्याचं स्पेलिंगही सगळे एकसारखं करत नाहीत. जेवढी स्पेलिंगं दिसली तेवढी सगळी यादीत टाकली.

शब्दाचा तुकडा जुळला की झालं, असं समजणं

'जावा' शोधलं की 'जावास्क्रिप्ट' येतंच, कारण एक शब्द दुसऱ्याच्या पोटात आहे. पूर्ण शब्द जुळला तरच घ्यायचं, अशी अट रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात) घातली की हे मिटतं. टेस्टरचं दुखणं याहून वेगळं आहे. आपल्याकडे ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने एमआयडीसी पसरलीय. तिथे 'टेस्टिंग इंजिनिअर' म्हणजे ट्रान्सफॉर्मर किंवा स्विचगिअर तपासणारा, आणि 'क्यूए एक्झिक्युटिव्ह' म्हणजे औषधाच्या कंपनीत बॅचचे कागद बघणारा. माझ्या स्क्रिप्टने मला अगदी इमानदारीने बीएस्सी केमिस्ट्रीच्या जागा आणून दिल्या. पूर्ण शब्दाची अट इथे कामाची नाही, शब्द तोच आहे. मग 'टेस्टिंग'च्या जोडीला 'सेलेनियम', 'एपीआय', 'ऑटोमेशन' यांतला एक तरी हवा, आणि 'फार्मा', 'लॅब', 'व्होल्टेज' यांतला एकही नको, असं केलं. बरं, 'ऑटोमेशन'ही एकटं चालत नाही, कारखान्यात ते पीएलसीवाल्यांचं, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर सांभाळणाऱ्यांचं असतं.

सकाळी ९ ला लावलं, दुपारी अडीचला चाललं

गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट आपोआप चालवायची सोय) क्रॉन, म्हणजे वेळापत्रक लावलं की वेगळं काही सांगितलं नाही तर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जाते. आपण साडेपाच तास पुढे. सकाळी ९ ला मेल हवा असेल तर ३:३० लिहायचं. ठोक्याला चालेल अशीही अपेक्षा नको, गर्दीच्या वेळी उशीर होतो. आणखी एक: पब्लिक रेपोमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरमध्ये) ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब असं वेळापत्रक स्वतःहून बंद करतं. हो, पब्लिक रेपो असेल तर पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, गिटहबच्या 'सीक्रेट्स' या लपवलेल्या जागेत ठेवा.

हे सगळं नको असेल तर गूगल ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्याच खात्यात चालणारी स्क्रिप्ट) बरी. टाइमझोन सेटिंगमध्ये बदलता येतो, शीट आणि जीमेल हाताशीच असतात. सकाळी ९ चा ट्रिगर (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणारी सेटिंग) ९ ते १० मध्ये कधीही चालतो आणि एका वेळी सहा मिनिटांत काम संपवावं लागतं. नोकरीच्या यादीला तेवढं पुष्कळ झालं.

शून्य निकाल म्हणजे जागाच नाहीत, असं मानणं

एकदा दहा दिवस एकही मेल आला नाही. मार्केट थंड आहे, अप्रेझलचे दिवस आहेत, अशी मीच माझी समजूत घातली. प्रत्यक्षात एका साइटने पानाची मांडणी बदलली होती, माझ्या स्क्रिप्टला काहीच सापडत नव्हतं आणि ती निमूटपणे शून्य परत करत होती. टेस्टर असून ही चूक केली, म्हणून जरा जास्तच लागली.

आता मेल रोज येतो, काही नसलं तरी. पहिल्या ओळीत दोन आकडे असतात: एकूण किती जागा वाचल्या आणि गाळून किती उरल्या. दुसरा आकडा शून्य असू शकतो. पहिला शून्य झाला की स्क्रिप्ट मेली असं धरायचं.

साइटची पानं खरवडणंही बरंच कमी केलंय. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन स्वतःच अलर्टचे मेल पाठवतात. जीमेलमध्ये त्यांना एक लेबल लावायचं आणि ॲप्स स्क्रिप्टने ते लेबल वाचायचं. कुणाचा नियम मोडत नाही. अनेक प्रॉडक्ट कंपन्यांचं करिअर पान ग्रीनहाउस किंवा लिव्हर या भरतीच्या सॉफ्टवेअरवर असतं. या दोन्हीकडे चालू जागांची यादी जेसनमध्ये (प्रोग्रामला सहज वाचता येईल अशा मजकुरात) उघडी मिळते, लॉगिन लागत नाही. पानाचे रंग बदलले तरी ती तशीच राहते.

रेझ्युमे एआयच्या हवाली करणं

जाहिरात दिली, रेझ्युमे दिला, जुळवून दे म्हटलं. त्याने जुळवलं आणि माझ्या अनुभवात काफ्का (मी कधी न वापरलेलं एक डेटा-सॉफ्टवेअर) घुसवलं. जाहिरातीत होतं ना! इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच आला. आता मी फक्त 'जाहिरातीतलं काय माझ्या रेझ्युमेत नाही' एवढंच विचारतो आणि लिहितो स्वतः. दोन कॉलमचा सुंदर टेम्प्लेट वापरत असाल तर पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. ओळी एकमेकांत घुसल्या, तर पलीकडच्या सॉफ्टवेअरलाही कदाचित तशाच दिसतील.

एकच जागा तिघांमार्फत

ही चूक शेवटी कळली आणि सगळ्यात महागात पडली. महाप्याची एकच जागा तीन कन्सल्टन्सींनी टाकली होती, प्रत्येकाने नाव वेगळं दिलेलं. स्क्रिप्टला त्या तीन जागा वाटल्या आणि माझा रेझ्युमे दोघांमार्फत एकाच कंपनीत पोचला. उमेदवार कुणाचा यावरून त्या दोघांची जुंपली, कंपनीने मला बाजूलाच ठेवलं. लिंकवरून डुप्लिकेट पकडायला गेलात तर हे सापडत नाही, कारण लिंक वेगळ्याच असतात. मी जॉब डिस्क्रिप्शनचे पहिले दोनशे शब्द जुळवून बघतो, कारण कन्सल्टन्सीवाले नाव बदलतात पण मजकूर तसाच चिकटवतात. त्यातूनही काही सुटतं, म्हणून शीटमध्ये कंपनी, तारीख, सांगितलेला पगार यांच्यापुढे 'कुणामार्फत' असा एक रकाना आहे. कन्सल्टन्सीचा माणूस फोनवर "बस एक मेल टाका, की या कंपनीसाठी फक्त आमच्याकडूनच अप्लाय करताय" म्हणाला, की आधी त्याच्याकडून कंपनीचं नाव काढून घ्यायचं, शीटमध्ये तो रकाना बघायचा आणि मगच मेल टाकायचा.