कार्यारंभ आदेशानंतर काम बदललं? या चुका टाळा

काम रस्त्याखालच्या एका मोरीचं होतं. अंदाजपत्रकात धरलेल्या खोलीवर पक्का थर लागेना. शाखा अभियंता म्हणाले, "अजून मीटरभर खाली जा, कागद नंतर बसवू." आम्ही गेलो. काँक्रीट पडलं, भराव झाला आणि साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, लेखी आदेश कुठे आहे? त्या खोदाईचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ब-१ (टक्केवारी दराच्या) आणि ब-२ (बाबवार दराच्या) निविदा नमुन्यांवर काम करणाऱ्या लहान कंत्राटदारांसाठी हे लिहितोय. काम चालू असताना त्यात बदल होणारच, करारातलं १४ वं कलम त्यासाठीच आहे. पण ते कलम लेखी आदेश धरून चालतं. म्हणून तोंडी सूचना आली की त्याच दिवशी उपअभियंत्यांना पत्र द्या, प्रत कार्यकारी अभियंत्यांना, आणि पोच घ्या. "आपल्या सूचनेनुसार अमुक काम करायचे आहे, लेखी आदेश मिळावा," एवढं पुरतं. पत्र दिलं तर साहेब नाराज होतील ही भीती मला समजते. तरीही द्या.

जादा बाबीचा दर करारात नसेल तर विभागाची दरसूची पाहतात. तिथेही नसेल आणि दर ठरण्याआधीच काम करायचा आदेश आला, तर आदेश मिळाल्यापासून ७ दिवसांत आपला दर पृथक्करणासह, म्हणजे तो कसा काढला याच्या फोडीसह, लेखी कळवायचा असतो. बरेच जण हे शेवटच्या बिलाला आठवतात. तोवर कामाच्या प्रभारी अभियंत्याने ठरवलेला दर मुकाट्याने घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ३८ व्या कलमाचा, म्हणजे निविदेतलं परिमाण वाढलं-घटलं तर काय याचा. समजा निविदेत कठीण खडकातली खोदाई ४०० घनमीटर आहे आणि प्रत्यक्षात ६२० झाली. २५ टक्के वाढीपर्यंत, म्हणजे ५०० घनमीटरपर्यंत, दर निविदेचाच. उरलेल्या १२० घनमीटरची निविदा दराने होणारी किंमत ५,००० रुपयांहून जास्त असेल तरच दर बदलतो. तो चालू दरसूचीवरून काढतात, पण तुमची निविदा अंदाजपत्रकापेक्षा १८ टक्के कमी दराची असेल तर नव्या दरातूनही १८ टक्के वजा होतात. "जादा कामात भरून काढू" या हिशोबाने खाली दर भरणाऱ्यांनी हे आकडे निविदा भरण्याआधीच मांडून पाहावेत. परिमाण घटलं तर वेगळंच: २५ टक्क्यांपुढच्या घटीची रक्कम ५,००० च्या वर असेल तरच दाव्याचा विचार होतो, तोही काम कमी केल्याच्या दाव्यांबद्दलच्या १५ व्या कलमाच्या चौकटीत.

झाकलं जाणारं काम मोजल्याशिवाय झाकू नका. त्याआधी किमान ५ दिवसांची लेखी सूचना द्यायची असते. पाया, सळई, पाइपखालचं बेडिंग, सगळं मोजमाप पुस्तकात चढल्यावरच पुढे जा. आम्ही तेवढं केलं असतं तरी त्या मोरीचा निम्मा वाद मिटला असता.

मुदतवाढ तर लोक विसरतातच. काम वाढलं म्हणजे मुदत आपोआप वाढली, असं धरू नका. अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर ती संपण्यापूर्वी, अर्ज जायला हवा. नाहीतर करारातल्या कलम २ खाली, उशिराबद्दल, दिवसाला अंदाजित किमतीच्या १ टक्क्यापर्यंत, एकूण १० टक्क्यांपर्यंत भरपाई कापली जाऊ शकते.

पलीकडच्या वस्तीचा रस्ताही याच कामात करून टाका, असं कुणी म्हणालं तर थांबा. ती जादा बाब नाही. ते नवं काम आहे आणि त्याला नवी निविदा लागते.

आणि कागदाविना काम होऊनच गेलं असेल तर? भारतीय करार कायद्याचं ७० वं कलम आहे: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, रीतसर करार झालेला नसतानाही सरकारने स्वीकारलेल्या बांधकामाचा मोबदला याच कलमाखाली मान्य केला. पण तिथे करारच नव्हता. तुमच्याकडे सही केलेला ब-१ असेल तर न्यायालय आधी त्याचीच कलमं उघडतं.