लिफ्टची उंची सगळ्यात शेवटी ठरवा: सातपुड्यात गाडी नेणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

गॅरेजमध्ये गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, "किती इंच उचलायची, म्हणजे लिफ्ट किती?" खरं तर हा शेवटचा प्रश्न आहे. गाडीवर कायमचं वजन किती, टायर कोणता आणि पुढचं सस्पेन्शन कोणत्या पद्धतीचं, एवढं कळलं की उंची आपोआप ठरते. बहुतेक वेळा ती मनातल्या आकड्यापेक्षा कमीच निघते. तोरणमाळचा घाट डांबरी आहे, त्याला लिफ्ट लागतच नाही. धडगाव-मोलगीकडून नर्मदेकडे उतरणाऱ्या खडकाळ वाटा किंवा अनेरच्या पात्रातले गोटे यांसाठी ३० ते ५० मिमी पुरतात. त्यापुढे गेलात की प्रत्येक सेंटिमीटरमागे एखादा पार्ट बदलावा लागतो.

वजन न करता स्प्रिंग घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खान्देशात वजनकाट्याची वानवा नाही. जिनिंगच्या दारात, रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात कुठेही काटा सापडतो. टाकी फुल करा, प्रवासाचं सगळं सामान भरा, माणसं बसवा आणि तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काट्याचा पाट आणि बाहेरची जमीन एका पातळीत असेल असाच काटा निवडा, नाहीतर पुढचं-मागचं वजन चुकतं. मग सामान उतरवून हेच पुन्हा करा. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे तुमचा खरा भार.

आता हिशोब. समजा मागच्या प्रत्येक स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला ३ किलो लागतात. दोन स्प्रिंग मिळून ६ किलो. मागे १५० किलोचा कायमचा भार (ड्रॉवर, फ्रिज, दुसरी बॅटरी, लोखंडी बंपर) चढला की गाडी २५ मिमी बसते. मूळ स्प्रिंगखाली ३० मिमीचा स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) घातलात तर पदरात पडले ५ मिमी. स्पेसर उंची देतो, ताकद देत नाही. उलट, १५० किलोसाठी बनवलेली ५० मिमीची स्प्रिंग रिकाम्या गाडीला बसवली तर मागची बाजू ७० मिमीच्याही वर जाते आणि गाडी रोजच्या रस्त्यावर बैलगाडीसारखी आदळते.

कायमचा भार आणि कधीमधीचा भार यांची गल्लत करू नका. हिवाळ्यात भरीत पार्टीला निघताना पाच माणसं, मोठं पातेलं आणि वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन भरले म्हणून वर्षभर जड स्प्रिंग घेऊन फिरायचं कारण नाही. अशा भाराला कॉइल स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी बरी. गरजेला हवा भरा, घरी आलात की कमी करा. आणि स्प्रिंग कितीही जड घेतली तरी कंपनीने ठरवलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चेसिस तेच राहतात.

लिफ्टने डिफरन्शियल वर जाईल असं समजणं

सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली) स्प्रिंग बदलली की बॉडी आणि चेसिस वर जातात. डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा फुगवटा) जिथल्या तिथेच राहतो, त्याला वर नेतो तो फक्त टायर. मारुतीच्या जिम्नीचा मूळ १९५/८० आर१५ टायर साधारण ६९३ मिमी व्यासाचा आहे. २३५/७५ आर१५ घातला तर व्यास सुमारे ७३४ मिमी होतो. वाढ ४० मिमीची, पण गोळ्याखाली मिळतात त्यातले निम्मे, २० मिमी. बदल्यात गिअर जवळजवळ ६ टक्के लांब होतात: स्पीडोमीटरवर ताशी ८० दिसत असताना गाडी ८५च्या आसपास धावते आणि चढावर दम कमी पडतो. म्हणून आधी टायर ठरवा, मग तो कुठे घासतो ते बघा, आणि तेवढ्यापुरतीच गाडी उचला.

पावसाळ्यातल्या काळ्या मातीत तर लिफ्टचा काही उपयोग नाही. टायरच्या नक्षीत चिखल भरला की दोन इंच उंच गाडीही तशीच रुतते, फक्त जरा रुबाबात.

स्पेसरचा आकडा म्हणजेच लिफ्ट असं धरणं

२०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. यात शॉकअप आणि स्प्रिंगचं जोडकाम खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला नाही तर मध्ये कुठेतरी बसतं. त्यामुळे वरच्या टोकाला २० मिमीचा स्पेसर घातला की चाकापाशी ३५-४० मिमी लिफ्ट मिळते. "५० मिमी पाहिजे" म्हणून ५० मिमीचाच स्पेसर घातला की सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) आपल्या कोनाच्या टोकाला जातात. पुढे दिसतं ते असं: सांध्यावरचं रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडणं, पूर्ण वळणावर कटकट आवाज, टायरची एकच कड झिजणं. या प्रकारात चाकापाशी ४० मिमीच्या पुढे जायचं असेल तर वरचे आर्म बदलण्याची तयारी ठेवा.

जुनेच शॉकअप ठेवणं

एखाद्या सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत चाकाची एकूण हालचाल १८० मिमी आहे असं धरा: ८० वर, १०० खाली. ५० मिमी लिफ्ट केली आणि शॉकअप तेच ठेवले तर खाली जायला उरतात ५०. नाल्यात गाडी तिरपी उतरली की चाक आधीपेक्षा लवकर हवेत लटकतं. म्हणजे पैसे घालून पकड कमी केली. स्पीडब्रेकर उतरताना "ठक्क" आवाज आला तर शॉकअप पूर्ण उघडून अडतोय असं समजा.

लांब शॉकअप घेताना मिटलेली लांबीही मोजा. लांब शॉकअप मिटल्यावरही लांबच असतो. बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबराला) टेकण्याआधी तोच तळाला आपटला तर ऑइल सील जातं. शॉकअपमध्ये १०-१५ मिमी शिल्लक असतानाच बंप स्टॉप टेकला पाहिजे. टेकत नसेल तर बंप स्टॉप तेवढा खाली आणा.

स्टिअरिंग भरकटलं की डॅम्पर लावणं

जिम्नीसारख्या पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत लिफ्टमुळे अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगला सरळ परत आणणारा कोन) कमी होतो. धुळे-सुरत रस्त्यावर गाडी सरळ धरताना हात थकतात, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परतत नाही. उपाय कॅस्टर दुरुस्तीचे बुश (सांध्यातली रबरं), डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) नव्हे. पॅनहार्ड रॉडचा (अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) बुश, किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते) किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर डॅम्पर फक्त तो आजार झाकतो.

लिफ्ट केल्यावर त्याच पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. ९०० मिमीचा, थोडा तिरपा असलेला रॉड ५० मिमी लिफ्टला सुमारे ६ मिमी सरकवतो. दोन्ही बाजूंना टायर ते चेसिस अंतर मोजा. फरक फार असेल तर कमीजास्त करता येणारा रॉड घ्या.

उंचीचा आणखी एक हिशोब वाऱ्याचा. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. उचललेली गाडी, वर टपावरचा तंबू आणि बाजूने जाणारा ट्रक, हे तिन्ही एकत्र आले की ५० आणि ८० मिमीतला फरक हाताला कळतो.

पाट्यांच्या गाडीतले शॉर्टकट

बोलेरोच्या मागे किंवा जुन्या जीपला लांब शॅकल (पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, चेसिसला जोडणारी कडी) लावून उंची वाढवतात. शॅकल ३० मिमीने वाढवला तर अ‍ॅक्सलपाशी साधारण १५ मिमीच मिळतात, वर डिफरन्शियलचा कोनही बदलतो. ६० ते ९०च्या वेगात गाडी थरथरायला लागली तर प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन तपासा. पुढच्या अ‍ॅक्सलवर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा कधीच घालू नका. ब्रेक मारताना तो निसटू शकतो. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट दरवेळी नवे घ्या आणि १०० किमीनंतर पुन्हा आवळा.

ज्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे तो अ‍ॅक्सलला रॉडने जोडलेला असतो. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं मागे भारच नाही, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. रॉडचा ब्रॅकेट तेवढाच सरकवायला हवा. ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी करत नाही.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं आहे. कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरटीओ आणि विमा कंपनीला काम करण्याआधी विचारा. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

काम झाल्यावर

गाडी जॅकवर घ्या, चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, डिफरन्शियलची हवानळी यांतलं काहीही ताणलेलं दिसलं तर गाडी बाहेर काढू नका. बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग अलाइनमेंट, स्टिअरिंग सेन्सर शून्यावर आणणं आणि हेडलाइट खाली करणं, नाहीतर समोरचा एसटीवाला डिपर मारून मारून थकेल.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना कामाआधी, कामानंतर आणि १,००० किमीनंतर लिहून ठेवा. नवी स्प्रिंग ५ ते १० मिमी बसते, ते चालतं. एकच कोपरा त्याहून जास्त बसला तर ती स्प्रिंग बदलून मागा.