डाव्या बगलेला खेळाडू नाही? निदान या चुका तरी टाळा

फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की रडगाणं ठरलेलं: ‘सर, डावीकडं खेळायला कुणीच नाही.’ कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला बसायला जागा मिळत नाही, आणि एवढं असून संघाची यादी बघितली तर उजव्या बगलेचे, म्हणजे उजव्या कडेनं खेळणारे, पाच-सहा दावेदार आणि डावीकडं एकटा जीव, तोही गुडघ्याला पट्टी बांधलेला. टंचाई खरी आहे. पंधरा-वीस पोरांत डाव्या पायाची दोन-तीनच निघतात आणि त्यातला एखादा नेमका गोलकीपर असतो. माझी तक्रार टंचाईबद्दल नाहीच. त्या टंचाईवर लोक जे उपाय करतात, त्यांनी डोकं उठतं.

मधल्या फळीतला सगळ्यात हुशार पोरगा डावीकडं ढकलणं

‘तो काय, कुठंही खेळतोय’ हे वाक्य ज्या संघात ऐकू आलं, तिथं काहीतरी वाटोळं होणार हे मी धरूनच चालतो.

ही चूक करणारे फक्त आपल्या गल्लीतले नाहीत. २००४ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, इंग्लंडच्या मधल्या फळीत बेकहॅम, जेरार्ड, लॅम्पार्ड आणि स्कोल्स होते. चौघेही उजव्या पायाचे. त्या काळातला सगळ्यात नामी डावा खेळाडू रायन गिग्ज, पण तो पडला वेल्सचा. मग पॉल स्कोल्सला डावीकडं उभं केलं. स्कोल्सचा जीव मैदानाच्या मध्यात, त्यामुळे तो आत सरकणार हे उघड होतं. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तासाभराच्या आतच त्याला बाहेर काढलं आणि इंग्लंड टायब्रेकरवर हरलं. त्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, स्कोल्सनं आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. कारण त्यानं घरचं सांगितलं आणि ते खरंही असेल. पण एवढा मोठा मधला खेळाडू देशासाठीची शेवटची स्पर्धा कडेला उभा राहून खेळला. बरं, यातून कुणी शिकलं का? २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीनं इंग्लंडला ४-१ नं झोडपलं, तेव्हा डावीकडं कोण होता? जेरार्ड.

हेच आमच्याकडं एका संघानं केलं. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. त्यांच्याकडं दहा नंबरला, म्हणजे मध्यातून चाली रचणाऱ्याच्या जागी, एक पोरगा होता. बॉल पायात येण्याआधीच मान वर करून तीन ठिकाणी बघून घेणारा. असा पोरगा तालमीत रोज तयार होत नाही. उपांत्य सामन्याच्या आधी त्यांच्या डाव्या खेळाडूला कावीळ झाली. राखीव लेफ्ट बॅक (मागच्या फळीतला डावीकडचा) होता, साधाच, पण डाव्या पायाचा आणि कडेची रेघ न सोडणारा. त्याला घ्यायचं सोडून मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी दहा नंबरला डावीकडं पाठवलं.

पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या कोचला कळून चुकलं. तो कडेवरून आपल्या राइट बॅकला ओरडत होता, ‘रेघ दे त्याला, आत सोडू नको!’ झालं. पोराला बाहेरच्या बाजूनं वाट मोकळी आणि आतून बंद. बाहेरून गेला की डाव्या पायानं क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल, मारायचा, आणि तो थेट गोलपोस्टमागच्या गर्दीत. इकडं मध्यात बॉल धरणारा कुणी उरला नव्हता, म्हणून मागून नुसते लांब फटके. मध्यंतरात पोरगा म्हणाला, ‘बॉल माझ्याकडं येतच नाही.’ वडीलधाऱ्यांचं उत्तर होतं, ‘मग तू जा की बॉलकडं!’ उत्तरार्धात तो बिचारा गेला बॉलकडं, म्हणजे मध्यात. डावी बगल उघडी पडली आणि गोल तिथूनच झाला. प्रेक्षकांनी शिव्या मात्र पोराला घातल्या, नाव घेऊन. पुढच्या सीझनला तो दुसऱ्या तालमीकडून खेळला, मध्यात, आणि झकास खेळला.

साधा का होईना, पण जागेवर उभा राहणारा खेळाडू घ्या. २००२ च्या वर्ल्ड कपला ट्रेव्हर सिंक्लेअर इंग्लंडच्या मूळ यादीतही नव्हता, दुसऱ्याच्या दुखापतीमुळे आत आला. अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंडचा हारग्रीव्हज जखमी झाला तेव्हा तो मैदानात उतरला आणि पायही उजवाच असून डावी बाजू इमानानं धावून काढली. सामना १-० नं जिंकला. त्याची पोस्टरं कुणी भिंतीवर लावली नाहीत, पण काम झालं.

उजव्या पायाचा खेळाडू लावायचा आणि त्याच्या मागं कोण आहे हे बघायचंच नाही

उजव्या पायाचा माणूस डावीकडं चालतच नाही, असं मी म्हणत नाही. २००३-०४ चा आर्सेनल क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये एकही सामना हरला नाही, आणि त्यांच्या डावीकडं रॉबेर पिरेस होता, उजव्या पायाचा. तो आत यायचा तेव्हा मागून अॅशली कोल रेघेवरून पुढं सुटायचा. गोव्याचा लिस्टन कोलासोही डावीकडून आत येऊन उजव्या पायानं मारतो. पण कुणी आत आला की रेघेवर दुसरं कुणीतरी लागतंच. जोडीनंच प्रश्न सुटतो, एकट्यानं नाही.

जोडी नसली की काय होतं ते २०२४ च्या युरोत सगळ्यांनी बघितलं. इंग्लंडच्या डावीकडं फोडेन, पाय डावा पण ओढ आतली. त्याच्या मागं, लेफ्ट बॅक ल्यूक शॉ जखमी म्हणून, ट्रिपियर, उजव्या पायाचा. फोडेन आत, ट्रिपियरही बॉल उजव्या पायावर घेण्यासाठी आत, आणि रेघेवर नुसतं गवत. शॉ परत येईपर्यंत ती बाजू अडखळतच चालली.

अडखळते म्हणजे नेमकं काय, ते सरावात जवळ उभं राहून बघा. डावीकडचा खेळाडू रेघेला पाठ करून उभा आहे. लेफ्ट बॅकचा पास त्याच्या उजव्या हाताच्या बाजूनं येतो आणि विरुद्ध गोल आहे डाव्या हाताला. बॉल त्यानं अंगासमोरून जाऊ दिला आणि लांबच्या, म्हणजे डाव्या पायानं घेतला, तर पहिल्याच स्पर्शात तो पुढं निघतो. उजव्या पायाचा पोरगा तोच बॉल जवळच्या पायानं थांबवतो. खांदे आपल्याच गोलाकडं वळतात, राइट बॅक पाठीवर चढतो आणि बॉल पुन्हा लेफ्ट बॅककडं. सामनाभर हेच. लोक म्हणतात पोरगा घाबरट आहे. अरे, घाबरट नाही, त्याला बॉल कुठल्या पायावर घ्यायचा हे कुणी शिकवलंच नाही!

माझी सवय अशी की आधी लेफ्ट बॅक ठरवायचा, मग त्याच्या पुढचा. लेफ्ट बॅक धावणारा असेल तर पुढं उजव्या पायाचा चालेल. तो मागंच थांबणारा असेल तर पुढं रेघ धरणारा हवाच. आणि पळायला दम असलेला एकच डावा असेल, तर मी त्याला मागं ठेवतो. मंदार राव देसाई आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एफसी गोव्यात डावीकडून पुढं खेळायचा. कोच लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केलं आणि पुढं मुंबई सिटीकडून २०२०-२१ मध्ये त्यानं त्याच जागेवर खेळून लीगची शील्ड आणि करंडक दोन्ही उचलले. मागून येणाऱ्याला समोर मोकळी जागा मिळते. नवख्या कोचना हे पटत नाही. डावा पाय दिसला की त्यांना तो गोलाजवळच हवा असतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

डाव्या पायाच्या पोराला उजवीकडं खेळू देणं. हल्ली प्रत्येकाला सालाह नाहीतर यामाल व्हायचंय, उजवीकडून आत येऊन डाव्यानं वळवून मारायचंय. निम्मी टंचाई इथंच तयार होते. डावे तीन असतील तर एकाला खुशाल होऊ दे यामाल. एकच असेल तर लाड नकोत.

मागं चारऐवजी तीन बॅकची रचना करून सुटका शोधणं. डावा मिडफिल्डर मिळेना, म्हणून डावा विंगबॅक, म्हणजे एकट्यानं अख्खी कड सांभाळणारा, आणायचा! तो तर दुप्पट पळणारा लागतो.

सीझनपुरता बाहेरचा खेळाडू आणणं. आणा, पण तो गेल्यावर पुन्हा हेच रडगाणं गाऊ नका.

डाव्या कॉर्नरची चिंता करणं. तिथं उजव्या पायाचा माणूस गोलकडं वळणारा बॉल टाकतो, तो तर फायदाच आहे.

पंधरा दिवसांत डावा पाय ‘बनवणं’

व्हिडिओ बघून आलेली पोरं विचारतात, ‘सर, स्पर्धेपर्यंत डावा पाय तयार होईल ना?’ स्पर्धा पंधरा दिवसांवर. नाही होणार. बारा वर्षांच्या पोराचा सहा-आठ महिन्यांत कामापुरता होतो, पंचविशीतल्याचा त्याहून उशिरा, आणि तोही रोज भिंतीवर मारला तरच.

त्यातही सगळे डाव्या पायाकडं बघत बसतात. दोष बऱ्याचदा उजव्या पायाचा असतो. आयुष्यभर मारण्याचं काम केलेल्या त्या पायाला अंगाचा भार घेऊन स्थिर उभं राहायची सवय नसते. तो बॉलच्या मागं पडतो, अंग मागं झुकतं आणि बॉल वर उडतो. मी पहिले काही आठवडे जोर लावूच देत नाही. उजवा पाय बॉलच्या बाजूला, वीतभर अंतरावर, गुडघा किंचित वाकलेला, आणि डाव्यानं नुसता ढकलायचा. कंटाळवाणं आहे. निम्मी पोरं इथंच पळतात, पळू देत. पुढं छोट्या मैदानावर दोन स्पर्शांचा खेळ लावतो, दुसरा स्पर्श डाव्यानंच. उजव्यानं मारला की बॉल समोरच्यांना. पहिल्या दिवशी भांडणं होतात.

आणि हे सगळं करण्याआधी एक सामना कडेला वही घेऊन बसा. आपल्या सेंटर बॅकनी (मागच्या फळीतल्या मधल्या दोघांनी) डावीकडं किती पास दिले आणि उजवीकडं किती, एवढ्याच रेघा ओढा. दोन्ही सेंटर बॅक उजव्या पायाचे असले की बॉल आपसूक उजवीकडंच वळतो आणि डावीकडचा उन्हात उभा राहतो. डावीकडच्या रेघा उजवीच्या निम्म्याही नसतील, तर डावा मिडफिल्डर शोधणं थांबवा आणि सेंटर बॅकना कामाला लावा.