राल्फ फासानेला यांची चित्रे कशी पाहावीत

अमेरिकन चित्रकार राल्फ फासानेला यांच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर दोन पावले मागे सरून एकूण परिणाम शोधू नये. उलट शक्य तितके जवळ जावे आणि चाळीचा जिना चढावा तसे खालच्या खिडकीपासून वर वाचत जावे.

त्याआधी माणूस थोडा माहीत हवा. इटलीहून न्यूयॉर्कला आलेल्या कष्टकरी कुटुंबात १९१४ साली त्यांचा जन्म झाला. वडील घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवीत, आई कपड्यांच्या कारखान्यात काम करी, आणि राल्फ लहानपणी वडिलांच्या हाताखाली राबत. पुढे फॅसिझमविरुद्ध लढण्यासाठी ते स्पेनला गेले, परतल्यावर कामगार संघटनेचे पूर्णवेळ संघटक झाले. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. १९४५ च्या सुमारास बोटे दुखू लागली म्हणून त्यांनी पेन्सिल धरली, आणि ती सुटली नाही. सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात डाव्यांना काम मिळेनासे झाले. त्यांनी भावाच्या पेट्रोल पंपावर नोकरी केली, शिक्षिका असलेल्या पत्नी ईव्हा यांच्या पगाराने घराला आधार दिला. १९७२ साली एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकेपर्यंत चित्रकार म्हणून त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते.

आता चित्राकडे यावे. सर्वप्रथम भिंती पाहाव्यात, कारण अनेक ठिकाणी त्या कापून काढलेल्या असतात आणि घराचे आत-बाहेर एकाच वेळी दिसते. याला यथादर्शनाची चूक समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याला कामगाराचे यंत्र आणि त्याचे जेवणाचे टेबल दोन्ही ठाऊक असावे लागते, त्या संघटकाची ही नजर आहे. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर, जेथे पूर्वी स्थलांतरित उतरत, तेथील स्थलांतर संग्रहालयातील ‘फॅमिली सपर’ (१९७२) पाहताना टेबलाच्या मध्यभागी असलेल्या आईपासून सुरुवात करावी आणि मग भोवतीची इमारत धुंडाळावी.

त्यानंतर बर्फवाल्याचा चिमटा शोधावा. ‘आइसमन क्रूसिफाइड’ या चित्रमालेत वडिलांनाच क्रुसावर चढवलेले आहे, आणि लाद्या उचलण्याचा तो लोखंडी चिमटा तेथे ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटाइतका बोचरा वाटतो. पाट्या, फलक, वर्तमानपत्रांचे मथळे ही अक्षरेही सोडू नयेत. ती सजावट नव्हे, मजकूर आहे.

लॉरेन्स या कापडगिरण्यांच्या अमेरिकन गावातील १९१२ च्या संपावरील चित्रांना मात्र सर्वाधिक वेळ द्यावा. हे गाव ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने आठवड्याचे काम ५६ वरून ५४ तासांवर आले तेव्हा गिरणीमालकांनी मजुरीही कापली, आणि नाना देशांतून आलेले वीस हजारांहून अधिक कामगार भर हिवाळ्यात रस्त्यावर उतरले. फासानेला यांनी १९७० च्या दशकात त्या गावात सुमारे तीन वर्षे मुक्काम केला, ग्रंथालयात जुने कागद चाळले, म्हाताऱ्या कामगारांशी गप्पा मारल्या. म्हणूनच तेथील गर्दीकडे केवळ गर्दी म्हणून न पाहता कोण खिडकीत आहे, कोण फाटकाबाहेर आहे हे एकेक करून पाहावे. यांपैकी एक मोठे चित्र वर्गणीतून विकत घेऊन वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कामगारविषयक समितीच्या दालनात लावले गेले होते. १९९४ च्या निवडणुकीनंतर सत्ता पालटली आणि ते तेथून उतरवण्यात आले.