नाशिकला बदलून आलेल्या ग्रंथपालासाठी: घर, एसटी आणि तालुक्यांची फिरती

घर शोधायला बाहेर पडण्याआधी कार्यालयातून गेल्या वर्षाचे फिरती कार्यक्रम, म्हणजे तालुक्यांतल्या वाचनालयांच्या तपासणीला कधी कुठे जायचे याची वेळापत्रके, मागून घ्या. कोऱ्या कागदावर जिल्ह्याचे १५ तालुके लिहा आणि प्रत्येकापुढे वर्षभरात किती दिवस जावे लागले ते मांडा. नाशिक शहर जिल्ह्याच्या मधोमध नाही, नैर्ऋत्येकडे सरकलेले आहे. सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबक ३० किलोमीटरच्या आतबाहेर. पण सटाणा ९०च्या आसपास आणि मालेगाव, नांदगाव १००च्या पुढे. ज्या रस्त्यावर दिवस जास्त पडतात, त्या रस्त्याच्या तोंडाशी घर घ्या. रोज पहाटे शहर ओलांडण्यातच तास गेला, तर वाचनालयात पोहोचेपर्यंत माणूस दमलेला असतो आणि तपासणी वरवरची होते.

नाक्यांची नावेच वाट सांगतात. ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, मालेगाव ही आग्रा रोडची कामे असतील तर आडगाव नाक्याची बाजू बघा. दिंडोरी, वणी, कळवण, सुरगाणा असेल तर दिंडोरी नाका किंवा म्हसरूळ. पेठसाठी पेठ नाका, मखमलाबाद. त्र्यंबक-हरसूलसाठी सातपूर. घोटी-इगतपुरीसाठी इंदिरानगर, पाथर्डी फाटा. सिन्नर किंवा रेल्वेची कामे जास्त असतील तर नाशिकरोड, जेलरोड. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड राहायला छान, पण भाडे चढे. गोवर्धनला मुक्त विद्यापीठात नेमणूक असेल तर मात्र तीच बाजू सोयीची. नव्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे ‘स्टेशनजवळ’ असे ऐकून घर ठरवणे. रेल्वे स्टेशन नाशिकरोडला आहे आणि सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती एसटी स्थानकापासून, ते ९-१० किलोमीटर लांब आहे. मध्ये द्वारका चौक लागतो. त्या चौकातून सकाळी आठच्या आत बाहेर पडायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

घर घेताना ११ महिन्यांचा करार नोंदणी करूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे लिव्ह-लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. भाडे १२ हजार आणि अनामत ५० हजार असेल, तर ११ महिन्यांचे भाडे १,३२,००० आणि व्याज सुमारे ४,५८३ मिळून १,३६,५८३ होतात. त्यावर शुल्क ३५० रुपयांच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्या पैशांसाठी साध्या स्टँपपेपरवर सही करून मोकळे होऊ नका. आधारचा पत्ता बदलायला, गॅस घ्यायला नोंदणीचा कागद उपयोगी पडतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती गेली की नाही, ते मालकाला आठवणीने विचारा. आणखी एक: २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. पंचवटीत घर घेणार असाल तर त्या काळात वाहन कुठे लावायचे आणि करार संपल्यावर भाडे किती वाढणार, हे आधीच बोलून घ्या.

स्वतःची पुस्तके नेताना मोठे खोके घेऊ नका. डेमी आकाराचे २४० पानी पुस्तक सुमारे २८० ग्रॅम भरते. ५० पुस्तकांचा खोका १४ किलोंचा झाला आणि त्याहून जड खोक्याचा तळ जिन्यातच सुटतो. नव्या घरात कपाट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर मोकळे सोडा, म्हणजे हवा फिरते आणि बुरशी धरत नाही.

पहिल्या आठवड्यात टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि सभासद व्हा. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था. गावात तिला सगळे ‘सावाना’ म्हणतात. तालुक्यातल्या वाचकाने जिल्ह्याच्या इतिहासाविषयी काही विचारले आणि तुमच्याकडे ते पुस्तक नसले, तर पहिला शोध तिथेच घ्यायचा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा ग्रंथपेट्यांचा, म्हणजे वाचकांमध्ये फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांचा, उपक्रमही समजून घ्या. पेट्या फिरवण्याचे काम तुमच्याकडे येणार असेल, तर ती शिस्त नव्याने शोधत बसण्याची गरज नाही.

एसटीची स्थानके

जुने सीबीएस, मेळा आणि ठक्कर बाजार (यालाच नवीन सीबीएस म्हणतात) एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. महामार्ग स्थानक वेगळे, ते मुंबई नाक्याला. निमाणी पंचवटीत, शहर बस, म्हणजे सिटीलिंक, तिथून बऱ्याच सुटतात. कुठली गाडी कुठल्या स्थानकातून सुटते हे मधूनमधून बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. विचारताना परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही लिहून घ्या. जायची गाडी चुकली तर दिवस जातो, यायची चुकली तर मुक्काम पडतो.

मुंबईला ग्रंथालय संचालनालयात काम असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरा. संचालनालय फोर्टमध्ये टाऊन हॉलला आहे, सीएसएमटीहून चालत जाता येते. संध्याकाळी त्याच गाडीने परत. पुण्याला थेट रेल्वेमार्ग नाही. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव अशी २१० किलोमीटर एसटीच. दुपारची बैठक असेल तरी पहाटे निघा, चाकणला गाडी किती अडेल याचा नेम नसतो.

फिरती लावताना

यादीतल्या क्रमाने गावे लावू नका, रस्त्याने लावा. कळवण, देवळा आणि सटाणा एका फेरीत बसतात: जाताना दिंडोरी, वणी, नांदुरीवरून कळवण, तिथून सटाणा, मुक्काम, आणि येताना देवळा, भावडबारी, सोग्रस फाट्यावरून आग्रा रोड. मनमाड-नांदगाव रेल्वेने करा. मनमाडहून येवला जवळ आहे, तो त्याच फेरीत घ्या आणि परत विंचूर, निफाडवरून या. एका दिवसात दोन वाचनालये नीट होतात. तिसरे घेतले की नोंदवह्या न उघडताच सही होते.

मग पंचांग आणि शेत बघा. श्रावणात सोमवारी त्र्यंबकला जाऊ नका. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला इतकी गर्दी होते की खासगी वाहने त्र्यंबकच्या अलीकडेच थांबवतात. पौषात निवृत्तिनाथांची यात्रा असते, तेव्हाही तेच. चैत्रोत्सव आणि नवरात्रात सप्तशृंगगडामुळे वणी-नांदुरीचा रस्ता भरलेला असतो, त्या दिवसांत कळवणला आग्रा रोडनेच जा. कांद्याची आवक जोरात असली की लासलगाव, विंचूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, घरून अर्धा-पाऊण तास आधी निघा. निफाडची थंडी साधी समजू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दुचाकीवर हातमोजे लागतातच.

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक हा भाताचा आणि जोरदार पावसाचा पट्टा. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वाचनालयाची किल्ली ज्याच्याकडे असते तोच चिखलात उभा असतो. तिकडची भेट ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ठेवा. पावसाळ्यात जावेच लागले तर कपाटांची मागची बाजू बघायलाच जा, ओल तेव्हाच दिसते. पाड्यांवर फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी कळवा आणि रोख पैसे जवळ ठेवा. बऱ्याच गावांना संध्याकाळची मुक्कामी गाडी असते. ती सकाळी लवकर परत निघते, हे लक्षात ठेवून आदल्या रात्रीच बांधाबांध करा.

मालेगावला शुक्रवार टाळा, यंत्रमागांची सुटी असते आणि दुपारी नमाजची वेळ. तिथल्या उर्दू वाचनालयांत जाण्याआधी उर्दूचे दहा अंक शिकून घ्या. एका संध्याकाळचे काम आहे. दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या वहीत पुस्तकाची नोंद होते तो क्रमांक, वाचता आला की निम्मी तपासणी होते. पुस्तक उजवीकडून उघडते, त्यामुळे शिक्का आणि क्रमांक तुमच्या सवयीच्या पानावर सापडत नाहीत. ते नाहीत असे लिहून बसण्याआधी दुसऱ्या बाजूने उघडून बघा.

बाजाराच्या दिवशी जायचे की नाही, याला दोन उत्तरे आहेत. वाचक बघायचे असतील तर बाजाराचाच दिवस धरा, आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसे त्याच दिवशी पुस्तक बदलायला येतात. नोंदवह्या तपासायच्या असतील तर दुसरा दिवस घ्या. लहान वाचनालये सकाळी आणि संध्याकाळी काही तासच उघडी असतात, दुपारी एक वाजता पोहोचलात तर कुलूप बघून परत याल.

पेटी

एका ग्रंथपेटीत २५ पुस्तकेच ठेवा. पुस्तकांचे ७ किलो आणि पत्र्याच्या ट्रंकेचे दोन-तीन, म्हणजे १० किलो एक माणूस एसटीत चढवू शकतो. तळाला प्लॅस्टिकचा कागद घाला आणि तो वरून दुमडता येईल इतका मोठा घ्या. पुस्तके आडवी किंवा पाठ खाली करून ठेवा. उघडणारी कड खाली ठेवली तर खड्ड्यांच्या धक्क्यांनी पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने बांधणीतून सुटत जातो, आणि दोन फेऱ्यांत पहिला फॉर्मा, म्हणजे एकत्र बांधलेल्या पानांचा पहिला जुडगा, हातात येतो. फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पेटी हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये. यादीच्या तीन प्रती करा: एक झाकणाला आतून चिकटवलेली, एक घेणाऱ्याला, एक सहीसह तुमच्याकडे. त्यात दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत हवीच; किंमत नसली तर हरवलेल्या पुस्तकाची वसुली अडते. डिकीत धूळ आणि पाणी दोन्ही शिरते, म्हणून वाहकाला विचारून पेटी आतच ठेवा.

वाचनालयात पोहोचल्यावर

चहाआधी दाखल नोंदवही मागा. शेवटचा क्रमांक टिपा. मग वहीतून कुठलीही दहा पुस्तके निवडा आणि ती कपाटात शोधा. त्यानंतर कपाटातून दहा उचला आणि ती वहीत शोधा. पहिल्या फेरीत हरवलेली पुस्तके कळतात, दुसरीत नोंदच न झालेली. एकच फेरी केली तर निम्मा दोष झाकलेला राहतो. हातात घेतलेल्या प्रत्येक पुस्तकात मुखपृष्ठाच्या आतले पान आणि वाचनालयाने ठरवलेले गुप्त पान, दोन्ही ठिकाणी शिक्का बघा. खरेदीच्या बिलावर त्या पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहिलेले हवेत, नाहीतर अनुदानाचा हिशेब तपासताना बिल आणि पुस्तक जुळत नाही. देवघेव नोंदवहीत रोज तितकीच पुस्तके, त्याच शाईत आणि एकाच हाताने लिहिलेली दिसली, तर ती वही एका बैठकीत भरलेली असते. तिथल्या माणसाशी शांतपणे बोला. बहुतेक वेळा मानधन तुटपुंजे असते आणि तो दिवसभर दुसरे काम करत असतो. शेऱ्यात दोष लिहा, पण दुरुस्तीला मुदतही द्या.

फिरतीच्या भत्त्याचे देयक परतल्याच दिवशी लिहा. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ प्रत्येक टप्प्याला टाका, दैनिक भत्ता बाहेर राहिलेल्या तासांवर ठरतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. देयकात प्रत्यक्ष दिलेलेच भाडे मांडा, पूर्ण भाडे लिहिले की देयक आक्षेप लागून परत येते. एसटीचे तिकीट उष्णतेने उमटवलेले असते. खिशात, दुचाकीच्या डिकीत किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात महिनाभर राहिले की अक्षरे उडून कोरा कागद उरतो, म्हणून त्याच संध्याकाळी झेरॉक्स काढा, मागे गाव आणि तारीख लिहा आणि मूळ तिकीट झेरॉक्सला टाचून ठेवा.